४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर 'सगळ्यात हलकं' लिनक्स कोणतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तीन वर्षांपूर्वी घेतलेला स्वस्तातला लॅपटॉप, सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (आतली साठवण). विंडोज ११ सुरू व्हायलाच पाच मिनिटं खातं आणि अपडेट आलं की जागा नाही म्हणून अडतं. मुलगी एफवाय बीएस्सी आयटीला आहे, धाकट्याला टॅलीचा क्लास लावायचाय. दुकानदार म्हणतो, 'हलकं विंडोज' मारून देतो. तुम्हाला मात्र लिनक्स टाकून बघायचंय. सगळ्यात हलकं कोणतं, आणि विंडोज तसंच ठेवून ते बाजूला बसेल का, एवढं तुम्ही विचारलंय.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आसपास मी लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. अशा मशीन आमच्याकडे कायम येतात, त्यातल्या बऱ्याच कॉलेजच्या पोरांच्या. तुमच्या जागी मी असतो तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई (साध्या, हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती टाकली असती, आणि विंडोज त्याच ६४ जीबीत बाजूला ठेवायच्या भानगडीत पडलो नसतो. पण हे उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून आहे. एक, तुमच्या मॉडेलमध्ये एसएसडीसाठी रिकामा स्लॉट आहे का. दोन, टॅली घरीच हवं आहे का. म्हणून कारणं नीट सांगतो.

आधी 'हलकं' म्हणजे काय ते बघू. एक्सएफसीई मिंट सुरू होऊन नुसतं बसलं असताना पाऊण ते एक जीबी रॅम घेतं. लुबुंटू हे दुसरं हलकं लिनक्स त्याहून दीड-दोनशे एमबी कमी घेतं. फरक खरा आहे. पण मुलगी ब्राउझर उघडणार, त्यात गुगल क्लासरूम, एक यूट्यूबचं लेक्चर, चार-पाच इतर टॅब. एवढ्यात दोन जीबी सहज जातात आणि तो हिशेब कुठल्याही लिनक्सवर जवळपास तोच राहतो. म्हणजे सगळ्यात हलकं शोधण्यात आठवडा घालवून हाताला काय लागलं, तर दोन-तीन जास्तीचे टॅब. त्या बदल्यात लुबुंटू २४.०४ ला अपडेट एप्रिल २०२७ पर्यंतच मिळतात. मिंट २२ ला २०२९ पर्यंत, म्हणजे तुमच्या मुलीची पदवी होईपर्यंत सिस्टिम बदलायची गरज नाही. शिवाय मिंटमध्ये ड्रायव्हर, अपडेट, सॉफ्टवेअर या सगळ्यासाठी खिडक्या-बटणं आहेत. अँटीएक्ससारखी त्याहून हलकी मंडळी एक-दोन जीबी रॅमच्या जुन्या मशीनला अक्षरशः जीव देतात, पण तिथे लहानसहान गोष्टी स्वतः जुळवाव्या लागतात. पहिल्यांदाच लिनक्सवर येणाऱ्या मुलीच्या माथी ते मारू नका.

तुमचं मशीन खरं कुठे अडतंय हे बघायचं असेल तर विंडोज सुरू झाल्याझाल्या टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर तीस-चाळीस टक्क्यांवर असेल आणि डिस्कचा रकाना लालभडक, १०० टक्के. ईएमएमसी ही बोर्डावरच सोल्डर केलेली चिप असते, मेमरी कार्डाच्या कुळातली. ती एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते. विंडोजचं अपडेट, अँटिव्हायरसचं स्कॅन, फाइलींचं इंडेक्सिंग हे सगळं त्या एकाच चिपवर तुटून पडतं. त्यात रॅम ४ जीबीच, म्हणून रॅममध्ये न मावलेलंही तिच्यावरच लिहिलं जातं. लिनक्स टाकल्यावर लॅपटॉप पळायला लागतो तो यामुळे: मागे चालणारी ही वर्दळ थांबते. प्रोसेसर तोच राहतो. त्यामुळे लिनक्सवर झूम मीटिंग चालू ठेवून शेजारी वीस टॅब उघडले तर ते तेव्हाही अडखळेल, ही अपेक्षा आधीच ठेवा.

आता स्लॉटचं. टास्क मॅनेजरमध्येच मेमरीच्या पानावर 'फॉर्म फॅक्टर' लिहिलेलं असतं. तिथे 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर रॅम सोल्डर केलेली आहे, वाढणार नाही. 'एसओडीआयएमएम' दिसलं तर पट्टी बदलता येते आणि या प्रोसेसरला ८ जीबीपर्यंत रॅम चालते. एसएसडीचा स्लॉट मात्र तिथे दिसत नाही, तो मॉडेल नंबरवरून किंवा खालचं झाकण उघडून कळतो. ईएमएमसीवाल्या काही मॉडेलमध्ये एम.२ चा रिकामा स्लॉट दिलेला असतो. तो सापडला तर लगेच तिथे एसएसडी बसवा, पण स्लॉट साटा आहे की एनव्हीएमई हे बघूनच विकत घ्या, कारण खाच जुळली तरी दुसरी जात चालेलच असं नाही. माझ्या अनुभवात अशा मशीनला एसएसडीइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. स्लॉट असेल तर विंडोज ईएमएमसीवर राहू द्या, लिनक्स एसएसडीवर टाका, आणि तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

स्लॉट नसेल तर? डब्यावरचे ६४ जीबी प्रत्यक्षात ५८ च्या आसपास दिसतात. त्यातले तीसएक विंडोज ११ आणि त्याचे अपडेट खातात. मिंटला किमान २० लागतात. उरलं काय? पहिल्याच मोठ्या अपडेटला दोन्ही सिस्टिम गुदमरतील. म्हणून ६४ जीबीत दोन्ही नकोच.

मग टॅलीचं काय, हा प्रश्न उरतो आणि तो खरा आहे. टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे. वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून ते लिनक्सवर चालवायचे प्रयत्न होतात, पण शिकणाऱ्या मुलाने परीक्षेच्या तोंडावर त्यावर विसंबू नये. धाकट्याला क्लासमध्ये मशीन मिळत असेल आणि घरी फक्त वाचायचं असेल, तर लॅपटॉपवर पूर्ण लिनक्स टाका. घरीही सराव हवा असेल, तर विंडोज आत राहू द्या आणि लिनक्स बाहेरच्या एसएसडीवर टाका. साधी साटा एसएसडी आणि यूएसबी ३ चं केसिंग पुरतं. लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी पोर्टात लावली की ती आतल्या ईएमएमसीपेक्षा बरेचदा जलदच चालते. पेनड्राइव्हवर मात्र कायमची सिस्टिम टाकू नका. सततच्या बारीक लिखाणाने तो रखडतो आणि लवकर दगावतो.

बाहेरच्या एसएसडीवर टाकताना एक खाचखळगा आहे. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये तुम्ही बाहेरची डिस्क निवडली तरी बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम (मिंटमध्ये त्याचं नाव ग्रब), बऱ्याचदा आतल्या डिस्कच्या ईएफआय विभाजनात, म्हणजे बूटच्या फाइलींसाठी राखलेल्या छोट्या भागात, जाऊन बसतो. त्या दिवशी सगळं छान चालतं. मग एसएसडी काढून लॅपटॉप सुरू करा, काळ्या पडद्यावर 'ग्रब' लिहिलेलं येतं आणि घरचे म्हणतात विंडोज उडालं. विंडोज उडालेलं नसतं, बूटची चिठ्ठी भलतीकडे गेलेली असते. उपाय सोपा: बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) ईएमएमसी बंद करण्याची सोय असेल तर इन्स्टॉलपुरती बंद करा. ती नसेल तर लाइव्ह मिंटमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हवरून नुसत्या चालवलेल्या मिंटमध्ये, जीपार्टेड हे डिस्कच्या विभाजनांचं सॉफ्टवेअर उघडून आतल्या ईएफआय विभाजनाचे 'बूट' आणि 'ईएसपी' हे दोन फ्लॅग काढा, बाहेरच्या एसएसडीवर ईएफआयसाठी वेगळं छोटं विभाजन द्या, आणि काम झाल्यावर आतले फ्लॅग परत लावा.

मुलीच्या अभ्यासाबद्दल मी निर्धास्त आहे. सी, सी++, पायथन, जावा, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हे सगळं लिनक्सवर दोन-चार मिनिटांत बसतं, आणि आयटीच्या मुलीला लिनक्सची ओळख लवकर झाली तर पुढे तिचा फायदाच आहे. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला अजून टर्बो सी++ असेल तर ते डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालतं. अँड्रॉइड स्टुडिओला मात्र किमान ८ जीबी रॅम लागते, ते या मशीनवर कुठल्याच सिस्टिममध्ये नको. ऑनलाइन परीक्षा 'सेफ एक्झाम ब्राउझर'वर होत असेल तर तो लिनक्ससाठी निघत नाही, म्हणून कॉलेजला आधी विचारून घ्या. वर्डच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. कॅलिब्रीऐवजी कार्लिटो आणि कँब्रियाऐवजी कॅलाडिया हे मापाने जुळणारे फाँट टाकले की ओळी-पानं सरकणंही बहुतेक थांबतं. घरात कुणी श्रीलिपीत डीटीपीचं काम करत असेल तर त्यांना विंडोज लागेलच. नुसतं युनिकोड मराठी टाइप करायचं असेल तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून लगेच जोडता येतो.

दुकानदाराच्या 'हलक्या विंडोज'बद्दल स्पष्ट बोलतो. ते बहुधा कुणी अनोळखी माणसाने काटछाट केलेलं विंडोज असतं. अपडेट बंद, डिफेंडर काढलेला, वर अॅक्टिव्हेशनसाठी कुठलातरी क्रॅक. ते वेगात चालतं हे खरं. पण त्याच लॅपटॉपवर तुम्ही नेटबँकिंग करणार, मुलीचे परीक्षेचे फॉर्म आणि फी भरणार. आत काय ठेवलंय हे त्या दुकानदारालाही माहीत नसतं. तुमच्या लॅपटॉपसोबत अस्सल विंडोज आलं असेल, तर त्याचं लायसन्स बायोसमध्येच असतं. कधीही परत तेच विंडोज टाकलं तर ते आपोआप ओळखलं जातं. ते सोडून क्रॅकवाल्याच्या मागे लागायची काहीच गरज नाही.

आतली डिस्क पुसणार असाल तर त्याआधीची तयारी घाईत करू नका. फोटो, कागदपत्रं, व्हॉट्सअॅपवरून उतरवलेल्या फाइली बाहेर काढा. लॅपटॉपबरोबर ऑफिस आलं असेल तर ते मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडलं गेलंय ना हे पाहा, म्हणजे पुढे विंडोजवर परत आलात तर ते मिळेल. सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' सुरू आहे का बघा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते आपोआप सुरू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. बायोसमध्ये सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) बदललं की पुढच्या वेळी सुरू होताना विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती की खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. विंडोज ठेवणार असाल तर 'फास्ट स्टार्टअप'ही बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या फाइली नुसत्या वाचता येतात, त्यात लिहिता येत नाही. आणि ८ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर विंडोजचा अधिकृत इन्स्टॉलर बनवून कपाटात ठेवा. परतीचा रस्ता असला की माणूस शांतपणे काम करतो.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, जो लोक हमखास टाळतात. रूफस किंवा व्हेंटॉयने मिंटचा पेनड्राइव्ह बनवा, डाउनलोडचा चेकसम (फाइल अखंड उतरली का हे दाखवणारा आकडा) जुळतो का बघा, आणि इन्स्टॉल न करता त्यावरून लॅपटॉप नुसता चालवा. बूट मेन्यूची की सापडत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून 'रीस्टार्ट' करा, तिथे 'यूज अ डिव्हाइस' मिळतं. असं पेनड्राइव्हवरून नुसतं चालवण्यालाच लाइव्ह सेशन म्हणतात आणि आतल्या डिस्कला ते हात लावत नाही. तासभर त्यावर बसा. वायफाय लागतंय का, कॅमेरा दिसतोय का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतंय का, ब्राइटनेसची बटणं चालतात का, झाकण मिटून उघडल्यावर जागा होतोय का. आणि आवाज. स्वस्त लॅपटॉपमध्ये आवाजाची ईएस८३३६ ही चिप बऱ्याचदा असते. तिला जुन्या कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) धड आधार नव्हता. साउंड सेटिंगमध्ये 'डमी आउटपुट' एवढंच दिसलं तर समजा की गाठ तिच्याशी असू शकते. मिंट २२ चा कर्नेल नवा असल्याने ती बहुतेक वेळा चालते, पण काही मॉडेल अजूनही हट्टी आहेत. हे लाइव्हमध्ये कळलं तर नुकसान शून्य. डिस्क पुसल्यावर कळलं तर मुलगी ऑनलाइन लेक्चरला मुकी बसते.

वायफाय नाहीच लागलं तर घाबरू नका. फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनवर 'यूएसबी टिथरिंग' सुरू करा. मिंट त्याला साधं वायर्ड नेटवर्क समजतं आणि इंटरनेट मिळतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून वायफायचा ड्रायव्हर शोधता येतो.

इन्स्टॉल हा त्यामानाने किरकोळ भाग आहे. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत टिक करा. सिक्युअर बूट सुरू असेल तर तिथे एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या बूटला निळा पडदा येईल, त्यात 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्या. लोक घाबरून तो पडदा सोडून देतात आणि मग वायफायसारखे बाहेरून टाकलेले ड्रायव्हर चढत नाहीत. कधी असंही होतं की इन्स्टॉल नीट पार पडतं आणि मशीन सुरू होताना 'बूट डिव्हाइस नाही' म्हणतं. स्वस्त लॅपटॉपच्या काही बायोसना फक्त ठरावीक जागची बूट फाइलच दिसते. लाइव्ह पेनड्राइव्हवरून परत सुरू करून ईएफआय विभाजनातल्या 'बूट' फोल्डरमध्ये बूटलोडरची प्रत ठेवली की ते सुटतं. इथे अडलात तर पडद्याचा फोटो टाका, मी पायरी पायरीने सांगेन.

सुरू झाल्यावर माझ्या हातून पहिली गोष्ट होते ती झेडरॅम. झेडरॅम टूल्स नावाचं छोटं पॅकेज आहे. रॅम भरत आली की ते आतला मजकूर ईएमएमसीवर ढकलण्याऐवजी रॅममध्येच दाबून ठेवतं. प्रोसेसरला थोडं काम पडतं, पण ४ जीबीच्या मशीनला ते परवडतं आणि हँग होणं ठळकपणे कमी होतं. दुसरी गोष्ट टाइमशिफ्ट. सिस्टिमचे स्नॅपशॉट ते ठेवतं, फार उपयोगी आहे, पण ६४ जीबीत दोनपेक्षा जास्त स्नॅपशॉट ठेवायला सांगू नका, जागा गुपचूप भरते. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकच अॅप 'सिस्टिम पॅकेज' आणि 'फ्लॅटपॅक' अशा दोन रूपांत दिसेल. सिस्टिम पॅकेज घ्या, फ्लॅटपॅक सोबत बराच पसारा आणतं. आणि यूट्यूब अडखळत असेल तर कारण बहुधा एव्ही१ हा व्हिडिओचा प्रकार असतो. तुमच्या यूएचडी ६०० ग्राफिक्सला तो हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही, सगळा भार दोन कोअरच्या प्रोसेसरवर येतो. ब्राउझरमध्ये एच२६४ मागणारं एक्स्टेंशन टाका आणि व्हिडिओ ७२० वर ठेवा.

शिकण्यासाठी पवईच्या आयआयटी बॉम्बेचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम आहे. त्यात लिनक्स, लिब्रेऑफिस, सी, पायथन यांचे छोटे व्हिडिओ फुकट मिळतात, बरेचसे मराठीतही. घरात इंग्रजीचा बाऊ वाटणारं कुणी असेल तर तिथून सुरुवात करून द्या.

हे वाचून आणखी कुणी वेगळ्या मशीनवर हेच करायला निघाले असतील तर आधी प्रोसेसर बघा. २०२३ च्या जिओबुकमध्ये मीडियाटेकचा एआरएम प्रोसेसर आहे. इंटेल-एएमडीसाठी बनलेला मिंटचा पेनड्राइव्ह त्यावर बूट होत नाही. २०१६ च्या आसपास दहा हजारांत मिळणारे २ जीबी रॅमचे अॅटमवाले लॅपटॉप ६४ बिटचे असले तरी त्यांचं यूईएफआय (नव्या प्रकारचं बायोस) ३२ बिटचं असतं. ते मिंटचा पेनड्राइव्ह ओळखणार नाहीत, तिथे डेबियन हे दुसरं लिनक्स वापरा.

तुमच्याकडून आता दोन गोष्टी हव्यात. लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेला पूर्ण मॉडेल नंबर, आणि टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानाचा फोटो. स्टिकरवरचा सिरियल नंबर झाका. तेवढं मिळालं की झाकण उघडायचं की नाही ते सांगतो. तोवर मिंटचा पेनड्राइव्ह बनवून लाइव्हमध्ये आवाज येतोय का तेही पाहून ठेवा.